दाह कमी करणारं ताट: सुरुवात फोडणीपासून, भर डाव्या बाजूला

बोट कापलं की तिथे लाली येते, सूज येते, ठणका लागतो. हा दाह शरीराच्या कामाचा असतो आणि जखम भरली की ओसरतो. इथे विषय आहे तो दुसऱ्या दाहाचा. तो मंद असतो, वर्षानुवर्षं चालतो आणि बाहेरून दिसत नाही. पोटात आतड्यांभोवती साठलेली चरबी इंटरल्यूकिन-६ सारखे पदार्थ रक्तात सोडत राहते. त्यांच्या इशाऱ्यावर यकृत सीआरपी नावाचं प्रथिन तयार करतं; दाह वाढला की रक्तात तेही वाढतं. हा दाह मधुमेह, हृदयविकार, फॅटी लिव्हर आणि सांधेदुखीच्या काही प्रकारांशी जोडलेला आहे. जेवणानंतर छातीत होणारी जळजळ किंवा 'अंगात उष्णता वाढली' अशी तक्रार याहून वेगळी. तिच्यावरचे उपाय इथे शोधू नका.

आहाराने हा दाह कमी होतो, पण हळू आणि मर्यादेत. यावरचा बराचसा पुरावा भूमध्य समुद्राकाठच्या आहाराचा आहे. स्पेनमध्ये सुमारे साडेसात हजार लोकांवर प्रेडिमेड नावाची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले. गटवाटणीतल्या चुका सापडल्यावर पुन्हा आकडेमोड करून ते २०१८ मध्ये नव्याने छापले गेले. ऑलिव्ह तेल किंवा सुकामेवा भरपूर घेणाऱ्या गटांत हृदयविकार आणि पक्षाघाताचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी कमी दिसलं. हे वाचून महागडं ऑलिव्ह तेल आणायला धावायची गरज नाही. त्या ताटात भाज्या, कडधान्यं, कोंड्यासकट धान्यं, मासे आणि बिया जास्त होत्या. साखर, मैदा आणि प्रक्रिया केलेलं मांस कमी होतं. हे सगळं मराठी स्वयंपाकात आहे. बिघडलं आहे ते प्रमाण.

आपल्याकडे ताट वाढताना उजव्या बाजूला भाजी-आमटी आणि डाव्या बाजूला लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं, पापड असतो. आज बहुतेक घरांत डावी बाजू म्हणजे बरणीतलं लोणचं आणि तळलेला पापड एवढीच उरली आहे. ती पुन्हा भरणं हे या मार्गदर्शकातलं सर्वांत मोठं काम आहे. पण त्याआधी दोन-तीन गोष्टी कमी कराव्या लागतात, कारण तळणीच्या ताटात कोशिंबिरीची भर घालून फारसं काही साधत नाही.

सुरुवातीची मापं

पहिलं माप कमरेचं. शेवटची बरगडी आणि खुब्याचं हाड यांच्या मधोमध टेप धरा, श्वास सोडा, पोट आत ओढू नका. भारतीय पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर गेलं की पोटातली चरबी जास्त आहे असं धरतात. वजनापेक्षा हा आकडा इथे जास्त बोलका आहे.

दुसरं माप घरातल्या तेलाचं. नवी पिशवी किंवा डबा फोडला की त्यावर तारीख लिहा आणि संपेल त्या दिवशी पुन्हा लिहा. आपल्या घरात महिन्याला किती तेल जातं हे विचारलं तर बहुतेकांचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा बराच कमी निघतो.

रक्ततपासणी सगळ्यांना लागत नाही. डॉक्टरांनी सुचवली तर एचएस-सीआरपी ही रक्तातलं सीआरपी बारकाईने मोजणारी चाचणी होते. लिटरला १ मिलिग्रॅमच्या खाली असेल तर हृदयविकाराचा धोका कमी, १ ते ३ मध्यम आणि ३ च्या वर जास्त मानतात. सर्दी, ताप, दाताचं दुखणं किंवा पाय मुरगळलेला असताना ही चाचणी करू नये; आकडा वर जातो आणि उगाच घाबरायला होतं. १० च्या वर आला तर बहुधा कुठेतरी संसर्ग किंवा दुखापत आहे. तो बरा झाल्यावर दोनेक आठवड्यांनी पुन्हा तपासतात.

पायरी पहिली: तेल मोजा (पहिले दोन आठवडे)

माणशी महिन्याला अर्धा लिटर हे हिशेबाला सोपं माप आहे. चौघांच्या घराला महिन्याला दोन लिटर, म्हणजे माणशी दिवसाला साधारण सव्वातीन चहाचे चमचे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या नमुना ताटात दिवसाला २७ ग्रॅम तेल-तूप धरलं आहे. त्यात तूप-लोणी आलं, म्हणून तेलाला अर्धा लिटरची मर्यादा ठेवली की दिवसाला चमचा-दीड चमचा तुपाला जागा उरते. वरण-भातावरचं तूप सोडायची गरज नाही, फक्त ते चमच्याने वाढा.

तेल पळीने किंवा थेट पिशवीतून ओतणं बंद करा. तेलाच्या भांड्यात ५ मिलिलिटरचा चमचा कायमचा ठेवा. चौघांच्या भाजीला चार चमचे, आमटीच्या फोडणीला दोन. सुरुवातीला हमखास दोन गोष्टी बिघडतात. पहिली म्हणजे मोहरी तडतडायच्या आत हळद-तिखट जळतं. कमी तेलात मसाला लवकर करपतो. म्हणून मोहरी फुटली की आच अगदी मंद करा, हिंग-हळद घालून लगेच कांदा किंवा भाजी टाका आणि तिखट भाजी अर्धी शिजल्यावर घाला. दुसरी म्हणजे भाजी खाली लागते. त्यावर जुनाच उपाय आहे: जाड बुडाची कढई घ्या, झाकण म्हणून खोलगट ताटली ठेवा आणि त्या ताटलीत पाणी घाला. वाफ आत गार होऊन भाजीवर परत पडते. भाजी स्वतःच्या पाण्यात शिजते, आणि कमी पडलंच तर ताटलीतलं गरम पाणी हाताशी असतं. भेंडी आणि कारल्याला मात्र झाकण नको. त्यांना तेवढंच तेल लावून तव्यावर पसरून परता.

तळण आठवड्यातून एकदा, आणि लागेल तेवढंच तेल कढईत घेऊन. उरलेलं तेल गाळून डब्यात ओतायची सवय मोडायला अवघड आहे, पण तीच सर्वांत घातक. पुन्हापुन्हा तापलेल्या तेलात ध्रुवीय संयुगं, म्हणजे तेल बिघडताना तयार होणारे पदार्थ, वाढत जातात. भारतीय अन्नसुरक्षा नियमांनुसार ती २५ टक्क्यांवर गेली की तेल वापरायला बंदी आहे. हे घरी मोजता येत नाही. तेल काळपट, दाट झालं, फेस धरू लागलं किंवा नेहमीपेक्षा लवकर धुरावलं तर ते टाकायचं. मोरीत ओतू नका, बाटलीत भरून कचऱ्यात द्या. एकदाच, थोडा वेळ तळलेलं तेल गाळून एक-दोन दिवसांत फोडणीला संपवलं तर चालतं. ताज्या तेलात मिसळून पुन्हा तळायला घेऊ नका.

कोणतं तेल? शेंगदाणा तेल रोजच्या फोडणीला चांगलं. मोहरी किंवा सोयाबीन तेलात थोडं ओमेगा-३ हे शरीराला उपयोगी मेदाम्ल असतं, म्हणून एक महिना हे, एक महिना ते असं आलटून-पालटून वापरता येतं. करडई आणि सूर्यफूल तेलात ओमेगा-६ जास्त असल्यामुळे ते दाह वाढवतात, असं ठामपणे सांगितलं जातं. माणसांवरच्या चाचण्यांत तसं दिसलेलं नाही. ही तेलं बेतानं वापरायला हरकत नाही, फक्त ती दीर्घ तळणीला लवकर बिघडतात. घाण्याचं तेल चवीला उत्तम, पण त्याच्याही एका ग्रॅमला ९ कॅलरीच, आणि ते लवकर खवट होतं. लिटरभराहून जास्त आणू नका. वनस्पती तूप घरात नसावंच. खाद्यतेलांतल्या ट्रान्स फॅटवर जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आली आहे. तरी खारी, नानकटाई, क्रीमचे केक यांत जी घट्ट चरबी जाते ती आरोग्याच्या बाजूची नव्हे.

पायरी दुसरी: चहा आणि चहासोबतचं

दोन चमचे साखरेचे तीन कप चहा म्हणजे दिवसाला २५ ते ३० ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटना दिवसाची वरून घातलेली साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते. म्हणजे बिस्किटं, आमटीतला गूळ आणि जेवणानंतरची वडी मोजायच्या आधीच कोटा संपला. एकदम साखर तोडली की माणूस चौथ्या दिवशी परत येतो. दर आठवड्याला कपामागे पाव चमचा कमी करा. दोनावरून अर्ध्यावर यायला सहा आठवडे लागतात आणि तोवर जीभ सरावते. गुळाचा चहा हा उपाय नाही. गूळ बहुतांशी साखरच असतो.

चहासोबत खारी, टोस्ट, बिस्किटांऐवजी मूठभर फुटाणे आणि शेंगदाणे. तेही ३० ग्रॅम मोजून, डबा समोर न ठेवता.

पायरी तिसरी: भाकरी, भात आणि कडधान्य

आतड्यातले जिवाणू तंतूंवर जगतात आणि त्यातून ब्युटिरेटसारखी लहान मेदाम्लं तयार करतात. आतड्याच्या अस्तराला ती पोसतात आणि दाह आवरतात. दिवसाला २५ ते ३० ग्रॅम तंतू हे ध्येय ठेवा. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १०, बाजरी आणि नाचणीत सुमारे ११ ग्रॅम तंतू असतात. पांढऱ्या तांदळात तीनाहून कमी. चाळून कोंडा न काढलेली कणीक याबाबतीत ज्वारीच्या मागे नाही, तेव्हा पोळी सोडायची गरज नाही. कोंडा टाकू नका आणि मैदा टाळा एवढंच.

मध्यम भाकरीला ५० ते ६० ग्रॅम पीठ लागतं. नवशिक्यांची भाकरी तुटते ती बहुतेक वेळा हाताच्या दोषानं नव्हे, पिठाच्या वयानं. दळून जुनं झालं की ज्वारीच्या पिठाची विरी (चिकटपणा) जाते आणि भाकरी कडेने चिरते. एका वेळी किलोभरच दळून आणा. बाजरीत चरबी जास्त असल्यामुळे तिचं पीठ आठ-पंधरा दिवसांतच कडवट होतं. ते उन्हाळ्यात फ्रीजमध्ये ठेवा. पीठ जुनंच असेल तर उकळत्या पाण्यात घालून झाकून ठेवा आणि पाच मिनिटांनी तळव्याने रगडून मळा. परदेशात दुकानात मिळणाऱ्या पिठालाही हीच उकड लागते.

कोकण-गोव्यात भातच मुख्य. तिथे भाकरीचा हट्ट धरण्यापेक्षा उकड्या तांदळाचा भात किंवा पेज घ्या आणि भाताचं प्रमाण मोजा. जेवणाला माणशी ५० ग्रॅम कच्चे तांदूळ, म्हणजे शिजलेला वाटी-दीड वाटी. कमी झालेल्या भाताची जागा आमटी आणि भाजीने भरायची असते. ती न भरता नुसता भात कमी केला की संध्याकाळी चारला फरसाणाचा डबा उघडतो.

कडधान्याचं गणित बहुतेक घरांत चुकतं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या नमुना ताटात दिवसाला ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं आहेत (अंडी-मासे खाणाऱ्यांना त्यातला काही भाग त्यांतून मिळतो). पातळ वरणातून माणशी जेमतेम २० ते २५ ग्रॅम डाळ पोटात जाते. म्हणून रोज एक उसळ हवीच. चौघांसाठी १६० ग्रॅम मटकी, मूग किंवा कुळीथ घ्या. मटकी-मूग ८ ते १० तास भिजवा, पाणी पूर्ण निथळा, ओल्या फडक्यात सैल बांधा. उन्हाळ्यात बारा तासांत मोड येतात, थंडीत चोवीस लागतात. कुळीथ हट्टी आहे, त्याला भिजायला बारा तास द्या. मोड चिकट झाले आणि आंबूस वास आला तर पाणी नीट निथळलं नव्हतं किंवा फडकं घट्ट होतं. असे मोड टाकून द्या, धुऊन वापरू नका. मोड आलेलं कडधान्य वाफवूनच खावं. ऊब आणि ओलावा मोडांइतकाच जंतूंनाही मानवतो. गरोदर स्त्रिया, वृद्ध आणि लहान मुलांना कच्चे मोड देऊ नयेत.

पोट फुगणं ही या पायरीवरची नेहमीची तक्रार. जिवाणूंना नव्या खाद्याची सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात एक दिवसाआड अर्धी वाटी उसळ, दुसऱ्यात रोज अर्धी, तिसऱ्यात पूर्ण. भिजवलेलं पाणी फेकून द्या, हिंग घाला आणि दिवसभरात पाणी वाढवा. तंतू वाढवून पाणी न वाढवल्यास बद्धकोष्ठ होतं, आणि लोक दोष भाकरीला देतात.

पायरी चौथी: डावी बाजू

रोज ४०० ग्रॅम भाजी आणि १०० ग्रॅम फळ हे माप आहे. बटाटा यात धरत नाहीत. चौघांच्या घरात अर्धा किलो फ्लॉवर दोन्ही वेळा पुरवला, तर माणशी दिवसाला सव्वाशे ग्रॅम मिळतं. उरलेलं आणायचं कुठून? प्रत्येक भाजी दुप्पट करणं वेळेला आणि जिभेला दोन्हीला जड जातं. कोशिंबीर इथे कामी येते, कारण ती शिजवावी लागत नाही.

एका जेवणाला माणशी १०० ग्रॅम: काकडी, गाजर, मुळा, बीट, कोबी, कांदा-टोमॅटो यांपैकी काहीही. चौघांना एक मोठा चमचा दाण्याचं कूट, अर्धं लिंबू, कोथिंबीर. फोडणी रोज नको. मीठ वाढायच्या वेळी घाला; आधी घातलं की पाणी सुटतं आणि सगळी चव तळाशी जाते. लिंबाचा उपयोग चवीपुरता नाही. त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे डाळी-पालेभाज्यांतलं लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच घेतलेला चहा नेमकं उलट करतो, तेव्हा मध्ये तासभर जाऊ द्या.

पालेभाजी आठवड्यातून किमान चार दिवस. मेथी, शेपू, चाकवत, अंबाडी, तांदुळजा, राजगिरा, शेवग्याचा पाला, आणि पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, फोडशी. पालक आणि मेथी यांवरच थांबू नका. ताकातली चाकवताची पातळ भाजी एकाच वाटीत पाला, डाळ आणि ताक देते. इतकी काटकसरीची आणि इतकी गुणाची भाजी ताटातून हरवावी याचं खरंच वाईट वाटतं.

आता चटणी. वनस्पतीतून मिळणारं ओमेगा-३, म्हणजे अल्फा लिनोलेनिक आम्ल, जवसात भरपूर असतं: १०० ग्रॅमला सुमारे २२ ग्रॅम. शाकाहारी माणसासाठी याहून स्वस्त स्रोत आपल्या बाजारात नाही. प्रमाण असं:

- जवस १०० ग्रॅम
- पांढरे तीळ २० ग्रॅम
- लसणाच्या १० पाकळ्या
- सुक्या मिरच्या ५-६, जिरं १ चमचा
- मीठ १ सपाट चहाचा चमचा, हवं तर आमसुलाची दोन फुलं

जवसात खडे आणि माती असते, आधी निवडून घ्या. जाड कढईत मंद आचेवर चार-पाच मिनिटं भाजा. दाणे तडतडू लागले आणि खमंग वास आला की लगेच ताटात पसरा. कढईतच ठेवले तर उरलेल्या उष्णतेने करपतात आणि चटणी कडू होते. तीळ वेगळे भाजा, ते लवकर होतात. लसूण कोरडा परतून घ्या. सगळं पूर्ण गार झाल्यावर मिक्सर थांबत-थांबत फिरवा. सलग फिरवला की तेल सुटून गोळा होतो. काचेच्या बरणीत, फ्रीजमध्ये दोन ते तीन आठवडे. जुन्या रंगासारखा वास आला तर ती खवट झाली आहे, फेकून द्या.

रोज एक मोठा चमचा, साधारण १० ग्रॅम चटणी घेतली की सव्वा ते दीड ग्रॅम अल्फा लिनोलेनिक आम्ल मिळतं. प्रौढ माणसाची दिवसाची गरज जवळपास तेवढीच आहे. अख्खे जवस गिळण्यात अर्थ नाही, बरेचसे दाणे न पचता तसेच बाहेर पडतात. दिवसाला दोन चमच्यांवर जाऊ नका आणि सोबत पाणी भरपूर प्या. कारळ्याची, तिळाची, दाण्याची चटणी चांगलीच आहे, पण ती जवसाच्या बदली धरू नका. कारळ्याच्या तेलात मुख्यतः ओमेगा-६ असतं.

लोणचं आणि पापड ठेवायचे तर मीठ ध्यानात ठेवा. किलोभर कैरीला शंभर-दीडशे ग्रॅम तरी मीठ पडतं, आणि दिवसभराचं मीठ ५ ग्रॅममध्ये बसवायचं आहे. लोणच्याची एक फोड, पापड भाजून, आणि त्या जेवणात आमटीला मीठ थोडं कमी. कोकमाचं आगळही खारट असतं. सोलकढीत आगळ घातलं की वरून मीठ घालायच्या आधी चाखून बघा.

फळ चावून खायचं, रस काढून नाही. पेरू, आवळा, जांभूळ, करवंद, डाळिंब, पपई: जे त्या महिन्यात गाडीवर स्वस्त असेल ते. ब्लूबेरीच्या डबीच्या किमतीत टोपलीभर जांभळं येतात आणि त्यांचा जांभळा रंगही ब्लूबेरीतल्या अँथोसायनिन या रंगद्रव्याचाच असतो.

मासे खाणाऱ्यांसाठी

माशांतलं ओमेगा-३ शरीर थेट वापरतं. जवसातल्याचं रूपांतर करावं लागतं आणि त्यातला थोडाच भाग बदलतो. बांगडा आणि तारली हे स्वस्त आणि तेलकट मासे इथे सुरमई-पापलेटपेक्षा सरस. आठवड्यातून दोनदा, माणशी १०० ते १२० ग्रॅम. रवा लावून तेलात सोडला तर माशाच्या तेलापेक्षा कढईतलं तेलच जास्त पोटात जातं. बांगड्याचं तिरफळ घातलेलं तिखलं, तारल्यांचं सुकं, किंवा मसाला लावून केळीच्या पानात तव्यावर भाजलेला बांगडा करा.

बांगडा घेताना डोळे, कल्ले आणि बर्फ बघा. हा मासा उन्हात राहिला की त्यात हिस्टामिन तयार होतं आणि ते शिजवून जात नाही. जेवल्यावर तासाभरात तोंड लाल होणं, खाज, डोकं ठणकणं असं झालं तर तो बहुधा ॲलर्जीचा नव्हे, शिळ्या माशाचा परिणाम असतो. बाजारातून घरी यायला अर्ध्या तासाहून जास्त लागत असेल तर बर्फाची पिशवी सोबत न्या. गरोदर स्त्रियांनी मोठ्या माशांपेक्षा लहान मासे निवडावेत, त्यांत पारा कमी असतो. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत खारवलेल्या सुक्या माशांवर भर देऊ नका, त्यांत मीठ फार असतं. अंडी, उसळ आणि जवसाची चटणी वाढवा. परदेशात ताजा बांगडा मिळत नसेल तर पाण्यातले डबाबंद सार्डिन चालतात. कांदा-टोमॅटोवर परतले की ते तारल्यांच्या सुक्याच्या बरेच जवळ जातात.

हळदीबद्दल

हळदीचे गुण ज्याच्या नावावर सांगितले जातात ते कर्क्युमिन हळदीत साधारण ३ टक्के असतं. अर्धा चमचा हळद म्हणजे दीड ग्रॅम, त्यात ४५ मिलिग्रॅमच्या आसपास कर्क्युमिन, आणि तेही आतड्यातून फार कमी शोषलं जातं. ज्या चाचण्यांत सांधेदुखीला आराम दिसला त्यांत बहुधा ५०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त अर्क वापरला होता. तेव्हा साखर घातलेलं हळदीचं दूध दाहावरचं औषध म्हणून रोज पिऊ नका. त्यातली साखरच भरते. स्वयंपाकातली हळद तेलात, चिमूटभर मिऱ्यांसोबत घाला. तेल आणि मिरे दोन्हींमुळे शोषण सुधारतं. कर्क्युमिनच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका. त्यांमुळे यकृताला इजा झाल्याची उदाहरणं नोंदली गेली आहेत, आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधांबरोबर रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. सांगलीच्या आणि वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे. यापैकी कुठलीही हळकुंडं आणून घरी दळली तर उत्तम, कारण भडक पिवळ्या सुट्या पुडीत शिशाच्या रंगाची भेसळ सापडलेली आहे.

उपवासाचे दिवस

'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण साबुदाण्याला तंतोतंत लागू पडते. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, त्यावर तूप आणि तळलेले वेफर्स. वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, उकडलेलं रताळं, काकडीची कोशिंबीर आणि ताक हा उपवास पाळायला तितकाच सोवळा आहे. खिचडीच हवी असेल तर एक वाटीच, आणि तिच्यात काकडी किसून घाला.

सगळं जमल्यावर एका माणसाचा दिवस

सकाळी नाचणीची आंबील किंवा भाज्या घातलेलं थालीपीठ एक, चमचाभर तेलावर, सोबत वाटीभर दही. मध्ये एक पेरू. दुपारी ज्वारीच्या दोन भाकऱ्या, १५० ग्रॅम पालेभाजी, वाटीभर मटकीची उसळ, कोशिंबीर, जवसाची चटणी, ताक. संध्याकाळी फुटाणे-शेंगदाणे. रात्री आठच्या आत वाटीभर भात, घट्ट वरण, फळभाजी, पुन्हा कोशिंबीर, चमचाभर तूप. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाला, त्याने जेवणानंतरची साखर कमी चढते.

कोणी आधी डॉक्टरांना विचारायचं

युरिक ॲसिड वाढलेलं असेल किंवा गाऊट असेल तर बांगडा-तारली जपून. त्यांत प्युरिन जास्त असतं आणि त्यापासून युरिक ॲसिड बनतं. वॉरफरिन हे रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्यांनी पालेभाजी एकदम वाढवू नये. क जीवनसत्त्वाचा इथे संबंध नाही, प्रश्न के जीवनसत्त्वाचा आहे: पालेभाजीचं प्रमाण रोज सारखं राहिलं तर औषधाचा डोस त्यानुसार बसवता येतो. मूत्रपिंडाचा आजार असल्यास पालेभाज्या, डाळी, फळं यांचं प्रमाण आहारतज्ज्ञ ठरवतील. ऑक्झलेटचे खडे झालेल्यांनी पालक आणि जास्तीची हळद टाळावी. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असताना साखर-भात झपाट्याने कमी केला तर रक्तातली साखर एकदम खाली जाऊ शकते, तेव्हा आधी डोसाबद्दल बोला. आमवाताची औषधं बरं वाटू लागलं म्हणून बंद करू नका. सूज जाणवत नसतानाही सांध्याची झीज चालू राहू शकते.

वांगी-टोमॅटोमुळे सांधे दुखतात असं अनेकांना वाटतं. सरसकट सगळ्यांना तसं होत असल्याचा पुरावा नाही. शंका असेल तर तीन आठवडे पूर्ण सोडा, मग दोन दिवस रोज खाऊन बघा. दुखणं खरंच वाढलं तरच ती भाजी टाळा, नाहीतर भरल्या वांग्यांना उगाच मुकाल.

बारा आठवड्यांनी कंबर पुन्हा मोजा आणि तेलाच्या तारखा काढा. तेल निम्म्यावर आलं, पण कंबर हलली नाही, तर बाहेरचं खाणं लिहायचं राहिलं आहे का ते बघा: ऑफिसातला वडापाव, शनिवारचं हॉटेल, रात्री मालिका बघताना हातात आलेला चिवडा. एक आठवडा हे सगळं वहीत लिहा, आणि त्यातलं जे आठवड्यातून तीनदा दिसेल तेवढंच एक आधी बदला.